चार दिवस टिकणाऱ्या टाइमटेबलचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. खानापूर तालुक्यातल्या एका गावातली चोवीस वर्षांची मुलगी, बेळगावात एका ऑफिसात अकाउंट्स बघते, रोज बसने अप-डाऊन, बँकेच्या परीक्षेची तयारी चालू आहे आणि सोबत कन्नड लिहायचं पण पक्कं करायचंय. टाइमटेबल करून भिंतीला चिकटवलंय. चार दिवस भारी चालतं, पाचव्या दिवशी काहीतरी निघतं आणि मग पंधरा दिवस त्या कागदाकडं बघवत नाही. तिचं म्हणणं, माझ्यात शिस्तच नाही, टाइम मॅनेजमेंटची रोजची सवय कशी लावायची आणि ॲप कुठलं चांगलं.

एकेरीत बोलतोय, राग मानू नको, वयाने माझ्या लेकीएवढी आहेस. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मशीन शॉपचं प्रॉडक्शन प्लॅनिंग करतो, वीसेक वर्षं झाली. कुठला जॉब कुठल्या मशीनवर, कुठल्या शिफ्टला, फाउंड्रीतून कास्टिंग म्हणजे ओतीव भाग कधी येणार, डिस्पॅच कधी, हे सगळं रोज कागदावर बसवायचं हेच माझं काम. आणि आता काही वर्षं नवीन लागलेल्या पोरापोरींना, बाजारातल्या ओळखीच्या दुकानदारांना त्यांच्या दिवसापुरतं हेच बसवून द्यायला मदत करतो. त्यामुळं जे सांगतोय ते बरंचसं हाताखालून गेलेलं आहे, खरं थोडं अभ्यासकांचं पण सांगणार, कारण काही गोष्टी त्यांनी नीट मोजून ठेवल्यात आणि आपण उगाच अंदाजाने बोलत बसतो.

पहिलं, शिस्त नाही हे डोक्यातून काढ. तू सकाळी ७:४० ची बस रोज पकडतेस की नाही? ऑफिसात महिन्याचे हिशोब वेळेवर जातात की नाही? बेशिस्त माणसाला हे जमत नाही. आमच्या बेळगावात कितीतरी गल्ल्यांत अजून नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी वडगाव-शहापुरात पहाटे जाऊन बघ, कुणाला अलार्म लागत नाही, एरवी आठपर्यंत अंथरुणात लोळणारा पोरगा पण पाईप धरून उभा असतो, आधी पिण्याचं, मग टाकी, मग बॅरल, मग उरलंसुरलं अंगण धुवायला, सगळा क्रम पाठ, कुणी क्लास घेतलेला नाही. आणि हीच माणसं मला येऊन सांगतात की ओ सर, टाइम मॅनेजमेंट काय जमत नाही बघा. तिथं का जमतं? कारण सुरुवात कशाने होणार ते ठरलेलं आहे, नळ वाजला की उठायचं. काम एकच आणि डोळ्यासमोर आहे. आणि चुकलं तर त्रास त्याच दिवशी होतो, सहा महिन्यांनी रिझल्ट लागल्यावर नाही. तुझ्या भिंतीवरच्या कागदात या तिन्हीतलं काहीच नाही, मग तो टिकायचा कसा?

आता तो कागद बघू. साडेचारला उठायचं, पाच ते सात अभ्यास, ७:४० ची बस, साडेनऊ ते सहा ऑफिस, परत बस, साडेआठ ते साडेअकरा अभ्यास. कागदावर झकास दिसतंय. आमच्याकडं नवीन इंजिनिअर आला की पहिल्या आठवड्यात असाच प्लॅन करून आणतो, सगळी मशीन सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत ठासून भरलेली, एक मिनिट रिकामं नाही, आणि खूश असतो. मी काही बोलत नाही. बुधवारपर्यंत त्यालाच कळतं.

यामागं साधं गणित आहे. डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या माणसाने १९०९ साली टेलिफोनच्या कॉलवरून याची सुरुवात केली, आज कारखान्यापासून हॉस्पिटलपर्यंत सगळीकडं वापरतात. एकच मशीन आहे, कामं कधीही येतात, कुठल्या कामाला कमी वेळ लागतो कुठल्या कामाला जास्त, असं धरलं तर मशीन ८० टक्के भरलेलं असताना एका तासाच्या कामाला सरासरी चार तास रांगेत थांबावं लागतं. ९० टक्के भरलं की नऊ तास. ९५ ला एकोणीस. म्हणजे शेवटची ती दहा-पंधरा टक्के जागा भरायच्या नादात बाकीची सगळी कामं अडकतात. माणसाचा दिवस तर मशीनपेक्षा बेभरवशाचा, बस उशिरा येते, साहेबांना पावणेसहालाच लेजर, म्हणजे खातेवही, आठवतं, घरी मावशी आलेली असते. तुझा कागद जवळजवळ शंभर टक्के भरलेला आहे, म्हणून पाचव्या दिवशी पहिला धक्का बसला की सगळंच बसतं. चार दिवस चाललं हेच माझ्या मते जास्त झालं.

दुसरी गोष्ट, झोप. साडेअकरा ते साडेचार म्हणजे पाच तास. अमेरिकेतल्या झोपेवर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या दोन संघटनांनी २०१५ साली एकत्र बसून मोठ्या माणसांसाठी किमान सात तास सांगितलेत. पाच तासांवर तू चार दिवस ओढलंस आणि पाचव्या दिवशी अंग बोलायला लागलं, यात शिस्तीचा काय संबंध? त्यामुळं दोन टोकांपैकी एक सोड, एकतर पहाट नाहीतर रात्र. कुठलं ते पुढं सांगतो.

आता मुद्द्याचं. माझा प्लॅन रोज चुकतो. रोज, अगदी रोज. कास्टिंगमध्ये ब्लो होल, म्हणजे आत हवेची पोकळी, निघतो, टूल तुटतं, ऑपरेटरच्या घरी बारसं असतं, लाईट जाते. वीस वर्षांत ठरवल्याप्रमाणे तंतोतंत गेलेला दिवस मला आठवत नाही. तरी माल वेळेत जातो, कारण रोज संध्याकाळी पाच वाजता मी आणि दोन सुपरवायझर त्या कागदापुढं बसतो, काय झालं काय राहिलं बघतो आणि उद्याचा परत मांडतो. त्या बसण्याला सुट्टी नाही. प्लॅन बिघडला म्हणून आम्ही बसायचं बंद करत नाही, उलट बिघडतो म्हणून तर बसतो. तू नेमकं उलटं करतेस, कागद एकदा केलास आणि तो मोडला की कागदाकडं बघणंच बंद. सवय लावायची ती पाच ते सात अभ्यास करायची नाहीच मुळी, रोज एकदा पाच-दहा मिनिटं दिवसाकडं बघून उद्याचा दिवस मांडायची. तेवढी एकच. दिवसभराचं वेळापत्रक ही सवय होऊच शकत नाही, कारण ते रोज वेगळं असणार, पावसाळ्यात वेगळं, ऑडिटच्या वेळी वेगळं, घरी लग्न असलं की वेगळं. त्याच्याकडं बघायचं काम मात्र रोज सारखंच असतं, म्हणून तेच सवयीत बसतं.

सवय म्हटलं की लोक लगेच २१ दिवस सांगतात. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनकडून आला, त्याने १९६० साली लिहिलं होतं की पेशंटला ऑपरेशननंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला कमीत कमी २१ दिवसांच्या आसपास लागतात. कमीत कमी हा शब्द पुढं गळून गेला आणि चेहऱ्याचं पण कुणाला आठवत नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी खरोखर मोजून बघितलं, ते २०१० साली छापून आलं. ९६ माणसं, प्रत्येकाने खाणं, पाणी पिणं किंवा व्यायाम यातली एकच छोटी गोष्ट घ्यायची आणि दिवसातल्या एका ठरलेल्या घडामोडीला जोडून ८४ दिवस करायची. विचार न करता हातून व्हायला लागेपर्यंत मधला आकडा निघाला ६६ दिवस. सगळ्यात लवकर १८, आणि सगळ्यात उशिराचा २५४, तो अर्थात आलेख पुढं ओढून काढलेला. त्यातलं तुझ्या कामाचं वेगळंच आहे, एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. म्हणजे तुझा पाचवा दिवस चुकला त्याने काही बिघडलं नव्हतं, बिघडलं ते नंतरच्या पंधरा दिवसांनी.

मग ती पाच मिनिटं कुठं बसवायची? इथं बहुतेक जण चुकतात. रात्री झोपताना करतो म्हणतात, आणि झोपताना कोण काय करतं, फोन बघतं. घड्याळाची वेळ पण धरू नको, सहाला म्हणशील आणि सहाला साहेब केबिनमध्ये बोलावतील. घड्याळाऐवजी रोज न चुकता घडणारी एखादी कृती पकड. जर्मनीतला मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर, त्याने यावर आयुष्य घातलंय, अमुक झालं की मी तमुक करणार असं आधीच ठरवून ठेवायचं, बस. २००६ मध्ये त्याने आणि शीरन नावाच्या सहकाऱ्याने ९४ अभ्यास एकत्र करून तपासले आणि नुसतं करणार-करणार म्हणण्यापेक्षा असं जोडून ठरवलं तर काम होण्यात चांगलाच फरक पडतो असं निघालं. बस तुझी भरवशाची नाही, ती धरू नको. तुझ्या दिवसात सगळ्यात पक्की गोष्ट मला दिसते ती म्हणजे संध्याकाळी टॅलीचा, तुझ्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, बॅकअप. तो घेतल्याशिवाय तू उठत नाहीस, बरोबर ना? मग बॅकअप लावला की ड्रॉवरमधली डायरी बाहेर. बॅकअप होईपर्यंत डायरी लिहून झाली पाहिजे. त्याच्या आधी पर्सला हात लावायचा नाही.

खडे बाजारातले एक कापड दुकानदार शटरला जोडून हेच करतात, अर्धं शटर ओढलं की गल्ल्यावर बसून उद्याचं लिहायचं आणि मग उरलेलं अर्धं ओढायचं. गल्लीतले लोक हसायचे आधी, आता अर्धं शटर दिसलं की त्यांच्याशी बोलायला पण कुणी येत नाही. वडगावातल्या एका पॉवरलूमवाल्या मामांनी पाण्याच्या दिवसाला जोडलं, टाकी भरेस्तोवर तिथंच कट्ट्यावर बसून आठवड्याच्या सुताचा आणि साड्यांच्या ऑर्डरीचा हिशोब. रोज नाही होत, खरं त्यांच्या धंद्याला तेवढं पुरतं.

लिहायचं काय, ते पण फार नको. आज ठरवलेल्यातलं काय झालं आणि काय राहिलं, एक ओळ. उद्या अभ्यासाचं एकच काम, आणि ते काम म्हणजे विषयाचं नाव लिहायचं नाही, रीझनिंग असं लिहिलंस तर उद्या रात्री परत रीझनिंगमधलं काय म्हणून वही चाळण्यात वीस मिनिटं जातात, सीटिंग अरेंजमेंटचे दहा प्रश्न, अमुक पान, असं लिही. आणि तिसरी ओळ, उद्या कशात अडकणार ते, म्हणजे उद्या आठवड्याचा बाजार आहे, उद्या आईला दवाखान्यात न्यायचंय, आणि अडकलं तर काय. या तिसऱ्या ओळीला लोक कंटाळतात, मी मात्र तिच्यावरच जोर देतो, कारण माझ्या कामात पण निम्मी कमाई तिथंच आहे, टूल तुटणार हे माहीत असतं, कधी ते नसतं, म्हणून दुसरं टूल आधीच जवळ ठेवायचं. लाईट गेली तर टॉर्चवर मोठं काही न करता फक्त कन्नडचे शब्द. पाहुणे आले तर त्या दिवशी अभ्यास अर्धा तास आणि मन खाऊन घ्यायचं नाही. हे आदल्या दिवशी लिहिलेलं असलं की त्या क्षणी ठरवत बसावं लागत नाही, आणि ठरवत बसण्यातच संध्याकाळ जाते. अजून एक फायदा, मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर या दोघांनी २०११ मध्ये दाखवलं की अर्धवट राहिलेलं काम पूर्ण केलं नाही तरी ते कधी कसं करणार हे नीट ठरवून लिहिलं तरी डोक्यातली त्याची टोचणी कमी होते. तुला बसमध्ये ऑफिसचं आठवत राहतं म्हणालीस, ते यानेच कमी होईल.

वेळेचा अंदाज. हा सगळ्यांचाच चुकतो, हुशार माणसांचा पण. कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ सालीच यावर लिहून ठेवलंय. नंतर १९९४ मध्ये कॅनडातल्या बुहलर आणि सहकाऱ्यांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत संपेल? सरासरी ३४ दिवस म्हणाले. सगळं वाईटात वाईट झालं तर? ४८-४९ म्हणाले. प्रत्यक्षात लागले ५५ च्या वर. म्हणजे वाईटात वाईट धरून पण कमीच पडले. म्हणून एक आठवडा प्लॅन-बिन काही करू नको, फक्त डायरीच्या मागच्या पानावर खरोखर किती वेळ लागला तेवढं लिही. तुझ्या कागदावर मॉक टेस्टला एक तास आहे. प्रिलिम्सचा, म्हणजे परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचा, पेपर ६० मिनिटांचा, १०० प्रश्न, हे बरोबर, पण चुकलेले प्रश्न परत सोडवायला पेपरपेक्षा जास्त वेळ जातो आणि मार्क वाढतात ते त्यानेच. म्हणजे मॉक टेस्ट हे अडीच तासांचं काम आहे आणि ते वर्किंग डेला रात्री बसतच नाही, रविवारी सकाळीच बसतं. आठवडाभर मोजलंस की अशा दोन-चार गोष्टी आपोआप दिसतील, मला सांगावं लागणार नाही.

आणि सेटिंग. आमच्याकडं एक जॉब उतरवून दुसरा चढवायचा म्हणजे फिक्स्चर बदल, टूल बदल, पहिला पीस काढून इन्स्पेक्शन, यात तास-दीड तास सहज जातो, त्या वेळात मशीन चालू असतं पण माल निघत नाही. म्हणून एकसारखे जॉब लागोपाठ लावतो. तू रात्री अर्धा तास क्वांट म्हणजे गणित, अर्धा तास इंग्लिश, अर्धा तास करंट, अर्धा तास कन्नड लावलंयस. प्रत्येक वेळी डोकं आधीच्या विषयात थोडं अडकून राहतं, सोफी लेरॉय नावाच्या बाईने २००९ मध्ये यावरच पेपर लिहिला, एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली की लक्षाचा एक तुकडा मागंच राहतो म्हणून. एका बैठकीला एकच विषय ठेव. सोमवारी क्वांट तर सोमवारी फक्त क्वांट. दुसरं म्हणजे जपानच्या शिगेओ शिंगो यांनी सेटिंगचा वेळ कमी करायची जी पद्धत आणली त्यातलं मुख्य हेच होतं की मशीन चालू असतानाच पुढच्या सेटिंगची तयारी बाहेर करून ठेवायची. तुझ्यासाठी म्हणजे, रात्री झोपायच्या आधी उद्याचं पुस्तक त्या पानावर उघडून, पेन वर ठेवून, वही शेजारी. दोन मिनिटांचं काम, खरं पहाटे अर्धा झोपेत पुस्तक शोधायचा जो वेळ आणि आळस असतो तो निघून जातो.

पहाट की रात्र, ते म्हणालो होतो सांगतो. मला विचारशील तर पहाट ठेव आणि रात्र सोड. रात्री साडेआठला तू दमून आलेली असतेस, घर भरलेलं असतं, टीव्ही चालू, कुणी ना कुणी हाक मारतंय. साडेदहाला झोप, साडेपाचला ऊठ, पावणेसहा ते पावणेसात एक तास. फक्त एक. तासाभरात काय होणार म्हणशील, रोज खरोखर झालेला एक तास कागदावरच्या पाच तासांना भारी पडतो, आणि सवय पक्की झाल्यावर वाढवायला कुणी अडवलंय? उलटं पण असू शकतं हां, काही जणांचं डोकं पहाटे चालतच नाही. तसं असेल तर ऑफिस सुटल्यावर गावाकडं निघायच्या आधी बेळगावातच अभ्यासिकेत किंवा लायब्ररीत एक तास, आणि पुढची बस. पण खानापूरहून पुढं तुझ्या गावाला शेवटची बस किती वाजता आहे त्यावर ते अवलंबून, पावसाळ्यात तर नकोच.

बसचा वेळ वापरायचा का, हे प्रत्येक जण विचारतो. बेळगाव-खानापूर पंचवीस-सव्वीस किलोमीटर, वर गावापर्यंतचं वेगळं. २०२३ च्या जूनपासून बायकांना बस मोफत झाली तेव्हापासून गर्दी किती असते ते तूच लिहिलंयस, उभं राहून एका हाताने दांडा धरलेला. बसमधला वेळ प्लॅनमध्ये धरूच नको. जागा मिळाली आणि मन झालं तर शब्द ऐक, बातम्या ऐक, नाही तर खिडकीतून बघत बस. मघाशी मशीन ठासून भरायचं नाही म्हणालो ना, तो रिकामा ठेवायचा भाग तुझ्याकडं हाच आहे. प्रत्येक मिनिट वापरा म्हणणाऱ्यांचं माझं कधी जमलं नाही.

घरचं. हे नाजूक आहे पण सांगतोच. टाइम मॅनेजमेंटवर बोलणाऱ्या बऱ्याच पुरुषांना डबा कुणीतरी भरून देतं, भाकरी कुणीतरी थापतं, त्यामुळं त्यांच्या दिवसाला गळती कमी. तू सकाळी गोठ्यातलं, पाण्याचं, भाकरीचं सगळं सांभाळून अभ्यासाला बसणार, तर तो तास घरात सगळ्यांना माहीत असल्याशिवाय तुझा होत नाही. आईला, वहिनीला आणि भावाला पण, एकदा बसवून सांग की पावणेसहा ते पावणेसात मला हाक मारू नका, त्याच्या बदल्यात रविवारचं सगळं जेवण माझ्याकडं, किंवा जे काय तुमच्यात जमेल ते. मोघम सांगितलं तर राहत नाही. आणि भावाला गोठ्याकडं सकाळी जायला काय झालंय, हे पण विचार, माझं नाव सांगितलंस तरी चालेल.

सुटलं की काय करायचं. राहिलेलं सगळं उद्यावर चढवायचं नाही, हा एक नियम मी सगळ्यांना घट्ट पाळायला लावतो. शॉपमध्ये कालचे राहिलेले चार जॉब आजच्या सहावर रचले तर आज पण चुकतं, उद्या दुप्पट चुकतं, आठवड्यात कुणी बोर्डाकडं बघत नाही. कालचं राहिलं ते आजच्या यादीत जागा असली तर येईल, नाहीतर रविवारच्या पानावर जाईल, तिथं पण बसलं नाही तर सरळ काट मारायची. काट मारायला धीर लागतो. तुझे पंधरा-पंधरा दिवस जातात ते याच ओझ्याने, चार दिवसांचं साचलेलं बघून वही उघडायचीच नको वाटते. दोन दिवस सलग डायरी उघडली नाही असं झालं तर तिसऱ्या दिवशी तारीख टाकून फक्त एक ओळ, उद्याचं एक काम. मागचं काही लिहायचं नाही.

काही आठवडे तर आधीच सोडून दे. भातलावणीचे दिवस, सुगी, गणपती, शिवजयंतीच्या चित्ररथाची रात्र, गावची जत्रा. बेळगावकडची माणसं आपण, गणपतीत अभ्यास करणार म्हणून लिहून ठेवायचं आणि मग विसर्जनाला रात्रभर जागून स्वतःला दोष द्यायचा, कशाला? त्या दिवसांत अभ्यास शून्य लिही, पण डायरीची एक ओळ सोडू नको, आज आरास, उद्या पण आरास, असं लिहिलं तरी चालेल. आणि सण संपला की त्याच्या दुसऱ्या दिवसापासून जोरात सुरुवात कर, नवीन आठवडा, नवीन महिना, वाढदिवस अशा दिवसांनंतर माणसं नव्याने सुरुवात जास्त करतात हे डाय, मिल्कमन आणि रीस यांनी २०१४ मध्ये दाखवलंय. आपल्याकडं पाडवा-दसरा आहेच की त्याला.

ऑफिसचं लोड पण बघ, तुला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. महिन्याला जीएसटीचं रिटर्न भरणाऱ्यांचं विक्रीचं जीएसटीआर-१ अकरा तारखेपर्यंत, कर भरायचं ३बी वीस तारखेपर्यंत. म्हणजे दर महिन्याला ८ ते ११ आणि १७ ते २० तुला उशीर होणार हे आत्ताच ठरलेलं आहे, तरी तुझ्या कागदावर ९ तारीख आणि २५ तारीख सारखीच दिसते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथं आई दुधाचा हिशोब आणि सिलेंडरची तारीख लिहिते ना, तिथंच या दिवसांना पेन्सिलने वर्तुळ कर. त्या दिवसांत फक्त वाचन किंवा उजळणी, नवीन धडा नाही. मार्च अखेर आणि जुलै अखेर तर वेगळंच धर. परीक्षेची तारीख यात कुठं येते ते बघून मॉक टेस्टचे रविवार मोकळ्या आठवड्यात टाक.

रविवारी वीस मिनिटं जरा मोठी बैठक कर, आठवड्याची पानं चाळायची, कुठलं काम सारखं पुढं ढकललं जातंय ते बघायचं. तीनदा ढकललेलं काम एकतर फार मोठं असतं, मग ते फोड, नाहीतर ते करायची गरजच नसते. लोक या बैठकीला फार मोठं महत्त्व देतात, रंगीत पेनं आणतात. मला तेवढं काही वाटत नाही, रोजची पाच मिनिटं चालू असतील तर रविवारचं एखाद्या वेळी राहिलं तरी चालतं.

ॲपचं शेवटी ठेवलं कारण त्याने फार फरक पडत नाही. फोनमध्ये ॲप उघडायला गेलीस की वरून व्हॉट्सॲपचं नोटिफिकेशन येतं आणि तिथंच पंधरा मिनिटं जातात, म्हणून पहिले दोन-तीन महिने तरी साधी डायरी घे, एका पानाला एक तारीखवाली, जुन्या वर्षाची असली तरी चालेल, तारीख खोडून लिहायची. ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्येच ठेव, घरी नेऊ नको, नाहीतर एक दिवस घरी राहते आणि टॅलीचा बॅकअप रिकाम्या हाताने होतो. निघताना उद्याच्या पानाचा फोटो काढून घे, पहाटे तेवढाच बघायचा. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी टॅली नसतं, त्या दिवसांसाठी संध्याकाळचा चहा धर, आणि कॅलेंडरमागं एक कागद अडकवून ठेव, सोमवारी डायरीत उतरवायला. येत्या वीस तारखेपर्यंत फक्त मागच्या पानावर वेळ मोजून लिही, बाकी काही बदलू नको. एकवीसपासून बॅकअप आणि डायरी सुरू कर. मोजलेले आकडे पाठवलेस तर मॉक टेस्ट कुठं बसते ते आपण एकत्र बघू.